यंत्र बदललं तरी पडदा ओळखीचा हवा : शाळेतल्या डिजिटल साधनांसाठी लवचीक इंटरफेस



कोणत्याही जिल्हा परिषद शाळेचं कपाट उघडा. खालच्या कप्प्यात जुना संगणक, त्याच्यावर प्रोजेक्टरची बॅग, शेजारी चार-पाच टॅबलेट (त्यातले दोन चार्ज होत नाहीत), भिंतीवर अँड्रॉइड टीव्ही आणि काही शाळांत आता टचचं मोठं पॅनेल. २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' शासन निर्णयानंतर डिजिटल शाळांची जी लाट आली, त्यात बरीच साधनं लोकवर्गणीतून, माजी विद्यार्थ्यांकडून, मुंबईकर चाकरमान्यांच्या मंडळांकडून मिळाली. त्यामुळे दोन साधनं एका कंपनीची, एका वर्षाची, एका जातीची असणं हा योगायोगच. त्यात आपली कोकणची हवा. दमट, किनाऱ्याला खारी, आणि जून ते सप्टेंबर कपाटातल्या वायरीलासुद्धा बुरशी. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात तर यंत्रं अक्षरशः चिखलातून काढावी लागली. थोडक्यात, आपल्याकडे यंत्र टिकत नाही, बदलत राहतं. हे गृहीत धरूनच नियोजन करायला हवं.

आता यात मुलांचं काय होतं ते बघा. संगणकावर 'कविता कशी लावायची' हे पहिलीच्या मुलांना जमायला लागतं, तोवर टीव्ही येतो. टीव्हीला माऊस नाही, रिमोट आहे. रिमोटची सवय होते तोवर पॅनेल येतं, तिथे बोट लावायचं. प्रत्येक वेळी सगळे पुन्हा शून्यावर. पण सगळेच शून्यावर येत नाहीत, हीच खरी गोम आहे. ज्याच्या घरी स्मार्ट टीव्ही आहे, ज्याला वडिलांचा मोबाईल हातात मिळतो, तो पहिल्या दिवशी पुढे होतो. मग 'सर, मी लावतो' म्हणणारी तीच दोन-तीन मुलं, बहुतेक मुलगेच. बाकीचे मागे बसून बघतात. यंत्र जितक्यांदा बदलेल तितक्यांदा ही दरी रुंदावते. म्हणून हा विषय केवळ तांत्रिक नाही असं मला वाटतं. वर्गातल्या कुणाच्या हातात साधन येतं आणि कुणाच्या येत नाही, हे आपण पडद्यावर काय मांडतो यावर बरंचसं ठरतं.

एसटीतली दोन माणसं

इंटरफेस म्हणजे काय हे मुलांना सांगायला मला एसटीइतकं चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

आपण रत्नागिरी स्टँडवर उभे आहोत, देवरुखला जायचंय. आपण काय बघतो? पाटी. गाडी जुनी लाल आहे की नवी, इंजिन कुठल्या कंपनीचं, गिअर कसे पडतात, याच्याशी आपला संबंध नाही. पाटीवर 'देवरुख' असलं की चढायचं. आत गेल्यावर आपण बोलतो कंडक्टरशी. 'एक देवरुख द्या', संपलं. ड्रायव्हरशी आपण बोलत नाही आणि बोलूही नये. गाडी बदलली तर ड्रायव्हरला नवा गिअर, नवा ब्रेक सांभाळावा लागतो. आपलं वाक्य मात्र तेच राहतं, 'एक देवरुख द्या'.

गंमत म्हणजे संगणकातही त्या माणसाला 'ड्रायव्हर'च म्हणतात. प्रिंटर, वेबकॅम, प्रोजेक्टर अशा प्रत्येक यंत्राची भाषा समजणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो, तो ड्रायव्हर. आणि आपल्याला दिसणारा पडदा, बटणं, चित्रं म्हणजे पाटी आणि कंडक्टर. गाडी बदलली म्हणून प्रवाशाने नवी भाषा शिकायची, असं एसटीत होत नाही. शाळेत मात्र आपण ते रोज करतो.

तिसरी-चौथीच्या वर्गात एवढं सांगून मुलांना विचारा, 'आपल्या घरात असं काय आहे, जे आतून बदललं पण वापरायची पद्धत तीच राहिली?' उत्तरं मजेशीर येतात. दिव्याचं बटण हे सगळ्यात नेमकं उत्तर. पिवळा बल्ब जाऊन ट्यूब आली, मग सीएफएल, मग एलईडी. बटण तेच, खाली-वर तेच. उलटं उदाहरणही विचारा, 'काय बदललं आणि आजीला जमेनासं झालं?' बहुतेक घरांत उत्तर एकच असतं, टीव्हीचा नवीन सेट-टॉप बॉक्स. आतलं चॅनेल तेच, बातम्या त्याच, पण पाटीच बदलून टाकली.

हे काम आधी झालेलं आहे

ज्यांच्यापुढे हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर होता, त्यांनी काय केलं ते पाहू.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत संगणकाला माऊस एका खाचेत, कीबोर्ड दुसऱ्या, प्रिंटर तिसऱ्या खाचेत लावावा लागे आणि प्रत्येकासाठी वेगळी जुळवाजुळव. १९९५ साली आलेल्या विंडोज ९५ ने 'जोडा आणि वापरा' ही कल्पना सामान्यांपर्यंत आणली (सुरुवातीला ती बरीच अडखळायची, तो भाग वेगळा). १९९६ साली यूएसबीची पहिली आवृत्ती आली. यूएसबीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे यंत्र जोडल्यावर ते आधी आपली 'जात' सांगतं. 'मी कीबोर्ड आहे', 'मी साठवणीचं साधन आहे', 'मी आवाजाचं साधन आहे'. कंपनी कुठलीही असो, कीबोर्ड या वर्गातलं साधन असेल तर संगणकाला त्याच्याशी कसं बोलायचं ते आधीच माहीत असतं. म्हणून आज दोनशे रुपयांचा कीबोर्ड आणि दोन हजारांचा कीबोर्ड एकाच खाचेत लावून लगेच टाइप करता येतं.

यातून आपल्या कामाचं सूत्र मिळतं. यंत्राला नावाने ओळखू नका, ते काय करू शकतं यावरून ओळखा.

दुसरं उदाहरण अगदी घरचं आहे, आपल्या अक्षरांचं. १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय भाषांसाठी इनस्क्रिप्ट हा कळफलक प्रमाणित केला. त्याची मांडणी नीट बघा. साधारणपणे स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. के च्या बटणावर 'क', तेच शिफ्टसह दाबलं की 'ख'. एल वर 'त', शिफ्टसह 'थ'. म्हणजे आपण पहिलीत शिकवतो त्या वर्णमालेचीच रचना बटणांवर बसवलेली. आणि विशेष म्हणजे तेच बटण गुजराती निवडल्यावर गुजरातीतला क देतं, कन्नड निवडल्यावर कन्नडमधला क. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डाच्या काळात मराठी उमटवण्यासाठी संगणकात वेगळं कार्ड बसवावं लागे. पुढे ते कार्ड गेलं, डॉस गेलं, कितीतरी विंडोज आल्या नि गेल्या, युनिकोड आलं. इनस्क्रिप्टवर हात बसलेल्या माणसाला 'क' साठी नवं बटण शोधावं लागलं नाही.

याच्या उलट अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडल्या की पडद्यावर अगम्य इंग्रजी चिन्हांचा ढीग दिसतो. मजकूर तोच, पण तो एका विशिष्ट फॉन्टला बांधलेला होता. फॉन्ट नाही तर मजकूर नाही.

आणि टचस्क्रीन आल्यावर? तिथे दोन हातांनी टाइप करायची सोय नाही, बोट एक. आयआयटी मुंबईच्या आयडीसी विभागात तयार झालेला 'स्वरचक्र' हा कळफलक पाहा. त्यात वर्णमालेच्या क्रमाने व्यंजनं दिसतात आणि एखाद्या व्यंजनावर बोट ठेवलं की त्याच्याभोवती चक्रासारखी बाराखडी उघडते. बोट सरकवून का, कि, की निवडायचं. हाताची हालचाल पूर्ण बदलली. मुलाच्या डोक्यातली बाराखडी मात्र जशीच्या तशी कामाला आली. लवचीक इंटरफेस म्हणजे मला हेच अपेक्षित आहे. मुलाला जे आधीच ठाऊक आहे ते जपायचं, हाताची कृती मात्र साधनाप्रमाणे बदलू द्यायची.

शाळेत नेमकं काय काय बदलतं?

नवं साधन आलं की आपण फक्त 'टीव्ही आला' म्हणतो, पण प्रत्यक्षात चार-पाच गोष्टी एकदम बदललेल्या असतात.

पडद्याचा आकार. अनेक जुने प्रोजेक्टर ४:३ चे, साधारण १०२४ बाय ७६८ ठिपक्यांचे. नेहमीचा लॅपटॉप १३६६ बाय ७६८. टीव्ही १९२० बाय १०८०. टॅबलेट उभा धरला तर रुंदी आणखी कमी. शिवाय काही टीव्ही चित्राच्या कडा थोड्या कापतात, म्हणून कोपऱ्यात चिकटवलेलं बटण अर्धंच दिसतं.

निवडण्याची पद्धत. माऊसला बाण असतो, बोटाला नसतो, रिमोटला चार दिशा आणि एक ओके. माऊसचा बाण नुसता वर नेला की उघडणारी यादी टचवर कुचकामी ठरते, कारण बोट 'नुसतं वर' ठेवता येत नाही.

आवाज. हा तर रोजचा घोळ. जुनी व्हीजीए वायर फक्त चित्र नेते, आवाज नाही; स्पीकर वेगळे लावावे लागतात. एचडीएमआय वायर चित्र आणि आवाज दोन्ही नेते, त्यामुळे वायर लावताच लॅपटॉपचा आवाज टीव्हीकडे जातो आणि टीव्हीचा आवाज शून्यावर असेल तर 'लॅपटॉप बिघडला' अशी ओरड होते. बिघडलेलं काहीच नसतं. (आणि चित्रच येत नसेल तर विंडोजचं चिन्ह असलेलं बटण आणि पी एकदम दाबून 'डुप्लिकेट' निवडा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.)

फाईलचा प्रकार. विंडोजसाठी बनवलेला ईएक्सई प्रोग्रॅम अँड्रॉइड टीव्हीवर चालत नाही. फ्लॅशमध्ये बनवलेले खेळ आणि पाठ आठवतात? कष्टाने बनवलेलं कितीतरी साहित्य त्यात होतं. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार बंद झाला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरने मजकूर दाखवणंच थांबवलं. यंत्र धडधाकट, फाईल धडधाकट, तरी पाठ उघडेना.

आणि इंटरनेट आहे की नाही. पावसाळ्यात लाईट आणि रेंज दोघांचाही भरवसा नसतो, यावर रत्नागिरीकरांना मी काय सांगणार!

पडदा आखताना

आता कामाची गोष्ट. शाळेसाठी एक 'मुखपडदा' बनवायचा. कुठलंही साधन सुरू केलं की पहिल्यांदा तोच दिसला पाहिजे.

त्यावर काय असावं? बहुतेक ठिकाणी आपण 'व्हिडिओ', 'पीपीटी', 'अॅप', 'ऑडिओ' असे फोल्डर करतो. हे सगळे फाईलचे प्रकार आहेत. पहिलीतल्या मुलाला पीपीटी म्हणजे काय त्याचं काय? त्याऐवजी मुलाची कृती लिहा : ऐका, पाहा, वाचा, सोडवा, काढा. प्रत्येकाला एक चित्र. कान, डोळा, पुस्तक, कोडं, पेन्सिल. वाचता न येणारं मूलसुद्धा कानावर बोट ठेवेल. आत गेल्यावर इयत्ता, मग पाठ. तीन पायऱ्यांच्या वर नको.

या पाच चित्रांच्या जागा कधीही बदलायच्या नाहीत. रुंद पडद्यावर ती एका ओळीत बसतील, उभ्या टॅबलेटवर एकाखाली एक येतील, पण क्रम तोच : कान पहिला, पेन्सिल शेवटी. स्वयंपाकघरात मिठाची बरणी जशी डोळे मिटून सापडते, तसं व्हायला हवं.

चित्रं मोठी ठेवा. बोटाने दाबायची बटणं किमान ४४ बाय ४४ ठिपके असावीत, अशी वेबसाठीची एक आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. अँड्रॉइडवाले ४८ सांगतात. पण हे मोठ्या माणसाच्या सफाईदार बोटासाठी. आपल्या पहिलीच्या मुलांसाठी मी त्याच्या दुपटीहून कमी ठेवणार नाही. आणि रिमोटसाठी एक गोष्ट विसरू नका : सध्या कुठल्या चित्रावर आहोत हे दाखवणारी जाड रंगीत चौकट. माऊसवाल्याला तिची गरज नसते म्हणून ती अनेक जण काढून टाकतात, आणि मग टीव्हीवर मूल अंधारात चाचपडल्यासारखं बटणं दाबत राहतं.

आता एक वादाचा मुद्दा. आज स्पीकर जोडलेला नाही, मग 'ऐका' हे चित्र पडद्यावर ठेवायचं की लपवायचं? काही जण म्हणतात, जे चालत नाही ते दाखवू नका, मुलं गोंधळतात. माझं मत उलट आहे. चित्र नाहीसं केलं की बाकीची चित्रं सरकतात, जागा बदलतात, आणि मुलाला वाटतं आपणच काहीतरी घालवलं. त्यापेक्षा चित्र जागेवरच ठेवा, फिकं करा आणि त्यावर स्पीकरच्या वायरीचं छोटं चित्र दाखवा. 'हे आत्ता का चालत नाही' याचं उत्तर पडद्यावरच मिळालं की मूल शिक्षकाला हाक मारण्याआधी स्वतः वायर बघायला जातं.

यासाठी पडद्याला आज काय जोडलंय हे कळलं पाहिजे. काही गोष्टी ब्राउझरला आपोआप कळतात. पडदा किती रुंद आहे, मुख्य साधन बोट आहे की माऊस, हे तो ओळखू शकतो. पण वर्गात आवाज खरोखर ऐकू येतोय का, हे त्याला कळायला मार्ग नाही. ते माणसानेच सांगायचं. म्हणून सुरुवातीला एकच प्रश्न ठेवा : एक घंटेचं चित्र. दाबलं की घंटा वाजते. ऐकू आली तर हिरवी खूण, नाही आली तर लाल खूण. हे काम रोज वेगळ्या मुलाकडे द्या, हजेरीच्या क्रमाने. त्याला आम्ही 'यंत्रमंत्री' म्हणतो. आळीपाळी कडक पाळा. नाहीतर पुन्हा तीच दोन-तीन मुलं.

आतली बाजू

हे बनवायला मोठा प्रोग्रॅमर लागत नाही. साधं एचटीएमएल पान पुरतं, कारण ब्राउझर विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड सगळीकडे असतो. २०१० साली ईथन मार्कॉट या वेब डिझायनरने 'एकच पान, पडद्याप्रमाणे आकार घेणारं' ही पद्धत लेख लिहून मांडली आणि आज ती सर्वत्र रूढ आहे. मापं ठिपक्यांत न देता टक्क्यांत द्यायची आणि अमुक रुंदीच्या खाली मांडणी उभी करायची, एवढंच आपल्याला त्यातून घ्यायचंय.

पाठांची यादी पानात लिहून टाकू नका. तिची वेगळी फाईल करा. प्रत्येक पाठाची एक ओळ : पाठाचं नाव, इयत्ता, कृती (ऐका की पाहा की सोडवा), फाईल कुठे आहे, आणि त्याला काय लागतं. आवाज लागतो? स्पर्श लागतो? नेट लागतं? पान ही यादी वाचेल, आज काय आहे ते बघेल आणि त्याप्रमाणे चित्रं उजळ किंवा फिकी करेल. उद्या नवं साधन आलं तर पान बदलायचं नाही. नवा पाठ आला तर यादीत एक ओळ वाढवायची. ही यादी जावास्क्रिप्ट फाईल म्हणून ठेवा आणि पानाला जोडा. कारण पेनड्राइव्हवरून थेट उघडलेल्या पानाला शेजारची साधी मजकूर फाईल वाचायला बरेच ब्राउझर सुरक्षेसाठी मनाई करतात. या एका कारणाने 'संकेतस्थळावर चालतं, पेनड्राइव्हवर चालत नाही' असा घोळ होतो.

फाईलींची नावं छोट्या इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. विंडोजला मोठं ए आणि छोटं ए सारखंच, लिनक्सला ती दोन वेगळी नावं. व्हिडिओ एमपी४, आवाज एमपी३, छापील एमपी३सारखंच सर्वत्र चालणारं पीडीएफ, खेळ एचटीएमएलमध्ये. जो प्रकार एकाच कंपनीच्या एकाच प्रोग्रॅमवर उघडतो, त्यात नवं साहित्य बनवू नका.

टॅबलेट आणि मोबाईलवर थोडी अडचण आहे. फाईल मॅनेजरमधून एचटीएमएल पान उघडलं तर अनेकदा त्याच्या शेजारची चित्रं आणि आवाज सापडत नाहीत. दोन उपाय. एक, तेच पान गुंडाळून छोटं ऑफलाईन अॅप करायचं. आपल्यातले कितीतरी शिक्षक हे आधीपासून करतात. दुसरा मला जास्त आवडतो : लॅपटॉपवर छोटा सर्व्हर सुरू करायचा (पायथॉन असेल तर एका ओळीच्या आज्ञेत होतो), लॅपटॉप किंवा मोबाईलचा हॉटस्पॉट लावायचा आणि टॅबलेटच्या ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा पत्ता टाकायचा. बाहेरचं इंटरनेट नसलं तरी चालतं. वर्गातल्या सगळ्या टॅबलेटवर एकच ताजी प्रत, प्रत्येकात वेगळी कॉपी करत बसायला नको.

डेडस्टॉक रजिस्टरला एक जोडपान

जडवस्तू नोंदवहीत आपण लिहितो : टीव्ही, ४३ इंची, एक नग, किंमत, दिनांक. हिशेबाला ते ठीक आहे. पण नव्या शिक्षकाला यातून काहीच कळत नाही. त्याला हवं असतं : आवाज देतो का? बोटाने चालतो का? कुठली वायर? ती वायर कुठे ठेवलीय? म्हणून एक वेगळं पान करा. आडव्या रकान्यांत क्षमता : चित्र, आवाज, स्पर्श, लिहिणं, नेट, बॅटरीवर चालणं. उभ्या रकान्यात साधनं. फक्त खुणा करायच्या. साधनांना टोपणनाव द्या आणि ते त्यावर चिकटवा. आमच्याकडे 'मोठा गणपती' आणि 'हापूस' आहेत, मुलांना मॉडेल नंबरपेक्षा ही नावं लगेच कळतात. हाच तक्ता मुखपडद्याच्या यादीतल्या 'काय लागतं' या रकान्याशी जुळतो. लाईट गेली तर बॅटरीचा रकाना बघायचा आणि ज्यावर खूण आहे ते बाहेर काढायचं.

वर्गात घ्यायचा पाठ (तिसरी-चौथी, दोन तासिका)

यंत्राशिवाय करायचा. आधी कागदावर, कारण कागदावर चूक खोडायला काही खर्च येत नाही.

साहित्य : जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं, कात्री, खडू, पोस्टकार्डाएवढे पुठ्ठे. चार-चारचे गट करा. प्रत्येक गटाने पाठकोऱ्या पानावर पाच चित्रांचा मुखपडदा काढायचा. मग एक मूल 'यंत्र' होतं. त्याच्या गळ्यात पुठ्ठा : 'मी टीव्ही. मला रिमोट कळतो.' दुसरं मूल वापरणारं. ते फक्त 'उजवीकडे, उजवीकडे, ओके' एवढंच बोलू शकतं आणि यंत्र झालेलं मूल पडद्यावर बोट सरकवतं. मग पुठ्ठा बदला : 'मी टॅबलेट. मला बोट कळतं.' पुन्हा तेच काम करायचं. मग 'मी जुना प्रोजेक्टर. मला आवाज नाही.' आता 'ऐका' दाबल्यावर यंत्राने काय करायचं? इथे गटात भांडण होतं, आणि ते होऊ द्या. कुणी म्हणेल चित्र फाडून टाकू, कुणी म्हणेल वर काट मारू. प्रत्येक गटाने आपलं उत्तर दुसऱ्या गटातल्या मुलावर तपासायचं. त्याला काही न सांगता कळलं का? कळलं नाही तर पडदा बदलायचा, मुलाला दोष द्यायचा नाही. हा नियम फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा.

दुसऱ्या तासिकेत एक पायरी वाढवा. वर्गात आलेल्या नव्या, काल्पनिक यंत्राचा पुठ्ठा तुम्ही द्यायचा. उदाहरणार्थ, 'मला फक्त टाळी कळते.' आता पाच चित्रांपैकी एक टाळीने कसं निवडणार? मुलं मोजून टाळ्या सुचवतात, कुणी 'चौकट आपोआप फिरू दे, हवं तिथे टाळी' असं सुचवतं. हा दुसरा मार्ग खरोखर वापरात आहे. हाताची हालचाल मर्यादित असलेल्या व्यक्तींसाठी एकाच बटणावर चालणारी साधनं अशीच काम करतात : चौकट एकेका पर्यायावरून सरकते आणि हव्या जागी आली की बटण दाबायचं. वर्गात दिव्यांग मूल असेल तर हा भाग अवश्य घ्या. त्याच्यासाठी वेगळा पडदा लागत नाही, त्याच पडद्याला निवडण्याची आणखी एक पद्धत लागते.

मूल्यमापनासाठी लेखी प्रश्न नकोत. पहिलीतल्या एका मुलाला बोलवा, कागदी पडदा त्याच्यापुढे ठेवा आणि सांगा, 'कविता ऐकायची आहे.' त्याचं बोट कुठे जातं ते गटाने नुसतं बघायचं, मदत न करता. नोंदवहीत लिहायचं : पहिल्यांदा कुठे बोट ठेवलं, कितव्यांदा जमलं.

पालकांसाठी थोडंसं

घरी तुमचा मोबाईल बदलतो तेव्हा अभ्यासाचे दुवे, फोटो, अॅप कुठे गेले याची शोधाशोध होते आणि त्यात मुलाचे दोन-तीन दिवस जातात. मुख्य पडद्यावर मुलासाठी एकच फोल्डर ठेवा, नेहमी त्याच कोपऱ्यात, आणि नव्या फोनवर पहिल्या दिवशी तोच बनवा. पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा अॅपमधून उघडतात. फोन कुठलाही असो, मुलाने करायची कृती तीच राहते, कोडावर कॅमेरा धरायचा. ही सवय लावायला सोपी आहे. आणि आजीला टीव्ही लावून देताना रिमोट हिसकावून घेऊ नका, मुलांनाही हेच सांगा. रिमोटवरच्या लागणाऱ्या तीन बटणांवर नेलपॉलिशचे ठिपके लावा. तोही इंटरफेसच आहे.

बदलीच्या वेळी

शेवटचा मुद्दा शिक्षकांसाठी. यंत्र बदलतं तसे आपणही बदलतो. बदलीचा आदेश आला की पदभार देताना रजिस्टरं मोजून देतो, चाव्या देतो, पण डिजिटल साहित्य कुठे आहे, पासवर्ड कोणता, कुठली वायर कशाची, हे बहुतेक वेळा आपल्या डोक्यातच निघून जातं. आणि पुढचे सहा महिने टीव्हीवर कापड. म्हणून मुखपडद्याचा संपूर्ण फोल्डर दोन पेनड्राइव्हवर ठेवा, एक शाळेत आणि एक केंद्रशाळेत किंवा उंचावरच्या सुरक्षित घरात; पूर किंवा वादळ दोन्हीकडे एकदम सहसा पोचत नाही. क्षमतांच्या तक्त्याची प्रत कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. नवे गुरुजी किंवा बाई रुजू होतील त्या दिवशी त्यांना पडदा तुम्ही दाखवू नका. दुसरीतल्या एखाद्या मुलीला सांगा, 'बाईंना कविता लावून दाखव.' तिला जमलं, तर पदभार पूर्ण झाला असं समजून सही करायला हरकत नाही.